मदत हवी आहे : बाबांना स्वालबार्डच्या जहाज सफरीला नेता येईल का?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यातले. बाबांनी ३० वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यांच्या जुन्या नकाशावर स्वालबार्डपाशी (उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं) बोट ठेवून ठेवून कागद पार झिजलाय. येत्या जुलैत त्यांना तिथल्या लाँगइयरब्येन गावाहून निघणाऱ्या छोट्या जहाजाने न्यायचं मनात आहे. ७८ अंश उत्तर, मध्यरात्रीही सूर्य, आणि तिथल्याच न्यू-ऑलेसुंदला २००८ पासूनचं आपलं भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र! ते नुसतं बाहेरून दिसलं तरी बाबांचे डोळे भरून येतील.

अडचण गुडघ्यांची आहे. बहुतेक ठिकाणी धक्का नसतो म्हणे. जहाजाच्या शिडीवरून हलत्या रबरी बोटीत उतरायचं, मग गमबूट घालून थेट पाण्यात पाय. ६८ वर्षांच्या माणसाला हे झेपतं का? खलाशी हात धरून उतरवतात का? कोणी आईवडिलांना नेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

एका एजंटने व्हिसाच लागत नाही म्हणून सांगितलं. पण स्वालबार्ड शेंगेनबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) असलं तरी जाणं-येणं ओस्लोवरून, म्हणजे दोनदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा हवाच ना? नागपूरकडच्या कोणी काढलाय का?

आणि थंडीचे कपडे? आमच्याकडे स्वेटरच्या पुढे काही नाही. भाड्याने कुठे मिळतील?