ऑर्केस्ट्रात मँडोलिन ऐकूच येत नाही, माइक कोणता आणि कुठं लावू?

जोडतार_अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. आमचा जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आहे, मी मँडोलिन वाजवतो. एफ आकाराची छिद्रं असलेलं. सोबत ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड. साउंडवाला गायकाचाच एक माइक माझ्यापुढं स्टँडवर लावून देतो. आवाज वाढवला की शिट्टी, कमी केला की पुढच्या रांगेतले पाहुणे म्हणतात, "नुसता हात हलवायलाव की ओ!" पुढचा कार्यक्रम उदगीरला, उघड्या मैदानात. वाद्यालाच अडकवायचा क्लिपवाला कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा, वीज लागणारा माइक) घ्यावा का? एक मित्र म्हणतो, पिझो पिकअप (लाकडाची थरथर टिपणारी चकती) चिकटव आणि मोकळा हो. पण तो पत्र्यासारखा आवाज मला नको. उभं राहून वाजवतो आणि डोलतोही.

डेसिबल_परभणी

दादा, खरेदीची घाई करू नका. मी साउंड लावतो. मंडपात नव्वद टक्के वेळा माइक वाद्यापासून दोन वीत लांब असतो. मग त्यात मँडोलिन कमी अन् ऑक्टोपॅडच जास्त जातो. अंतर निम्मं केलं की वाद्याचा आवाज माइकमध्ये साधारण ६ डेसिबल वाढतो, मिक्सरला हात न लावता. फुकटात एवढं दुसरं काही मिळत नाही.

जागा अशी: मान जिथं पोटाला मिळते तिथून चार-सहा बोटांवर माइक, तोंड किंचित घोडीकडं (तारा जिच्यावर टेकतात ती). छिद्रावर सरळ रोखला तर घुमतो. पिक (तारा छेडायची पट्टी) धरलेल्या हातासमोर नेला तर टकटकच ऐकू येते. गायकाच्या गोल जाळीपेक्षा एसएम५७ सारखा सपाट तोंडाचा डायनॅमिक (वीज न लागणारा) माइक बरा, वाद्याच्या जवळ नेता येतो.

इतक्या जवळ कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक खर्ज फुगवतो. म्हणून लो-कट (खालचे सूर गाळणारं बटण) दाबायचाच. मँडोलिनच्या तारांची सगळ्यात खालची जोडी १९६ हर्ट्झची, त्याच्या खाली तुमचं काही नाहीच. मिक्सरवर फिरवता येत असेल तर १५० पर्यंत न्या. ढोलकीची धुमधुम अर्धी तिथंच जाते.

आणि मॉनिटर, म्हणजे तुमच्याकडं तोंड केलेला स्पीकर! कार्डिऑइड माइक बरोबर पाठीमागून बहिरा असतो, मॉनिटर तिथं ठेवा. सुपरकार्डिऑइड (समोरचं आणखी अरुंद ऐकणारा) असेल, बीटा ५७ए सारखा, तर तो पाठीतून थोडं ऐकतो. त्याला मॉनिटर मागे पण तिरका, एका बाजूला. आमची पोरं सगळ्यांना एकाच ओळीत मांडतात अन् मग रात्रभर शिट्टीच्या मागं पळतात.

खर्ज_नांदेडकर

सगळं खरं, पण साहेब, ते डोलतात म्हणायलेत. चार बोटांवरचा माइक अन् डोलणारा माणूस जमत नाही. एका ओळीत आवाज तीनदा वर-खाली होईल. क्लिपच घ्या. पकड पोटाच्या कडेला, मऊ रबर लावून. वरच्या फळीवर दाब नको.

घ्यायच्या आधी साउंडवाल्याला विचारा: फँटम (मिक्सरमधून माइकला येणारी वीज) आहे का, आणि वायर कुठली? कंडेन्सरला ४८ व्होल्ट लागतात, ते तीन पिनांच्या एक्सएलआर वायरीतूनच येतात. आपल्याकडं अजून जॅकवाली वायर हातात देतात. त्यात करंट येतच नाही आणि माइक मुका. वायर स्वतःची न्या. मैदानात वारा असतो, फोमची टोपी काढू नका.

डेसिबल_परभणी

डोलायचं मी वाचलंच नव्हतं, क्लिप मान्य. पण कंडेन्सर अन् ढोलकी शेजारी असतील तर फक्त क्लिपवर मॉनिटर वाढणार नाही. तुमच्या मित्राचा पिझो इथं कामाला येतो. पिझो फक्त मॉनिटरला पाठवा, क्लिप माइक फक्त समोरच्या स्पीकरला. पत्रा तुम्ही एकटे ऐकाल, पाहुण्यांना लाकूड ऐकू येईल. पिझो मिक्सरमध्ये सरळ खुपसू नका, त्याला १ मेगओहम किंवा जास्त इनपुट रोधाचा डीआय (पिकअपचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी डबी) लागतो, नाहीतर खर्जच उरत नाही.

आणि कर्नाटक संगीतातले मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्या व्हिडिओत माइक शोधू नका, त्यांचं पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक होतं. तो हिशोबच वेगळा.

जोडतार_अंबाजोगाई

पिझो मॉनिटरला, हे डोक्यातच आलं नव्हतं. चिकटवायचा कुठं? पॉलिश जुनं आहे, निघायला नको. आणि जोरात वाजवलं की घोडीच्या मागून एक बारीक किणकिण येते, तीही माइकमध्ये जाईल का?

खर्ज_नांदेडकर

जाईलच. घोडी अन् टेलपीस (तारांची टोकं अडकतात ती पट्टी) यांच्या मधल्या तारांत मऊ कापडाची पट्टी ओवा, किणकिण बंद. पिझो घोडीच्या पायाजवळ, बारीक तारांच्या बाजूला. आधी हातानं दाबून दोन-तीन जागा ऐका, मग चिकटवा. जुन्या पॉलिशवर दुहेरी टेप नको, सहज निघणारी पुट्टी वापरा. अन् वायरीला एक वेटोळं देऊन पट्ट्याला बांधा. कुणाचा पाय अडकून पिझो उपटला तर मॉनिटरमध्ये असा धडाका होतो की ढोलकीवाला उठून उभा राहतो.