यिडिश म्हणजे मोडकी जर्मन? काहीही!

अर्धा_कप_चहा:
काल तिसरा_मजला यांनी लिहिलं की यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, ही हिब्रू लिपीतली मोडकी जर्मन, साहित्य म्हणाल तर कथाकार सिंगरचं नोबेल आणि एक ‘फिडलर ऑन द रूफ’ हे संगीतक, बाकी सगळं रडगाणं. सकाळपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. जर्मनचा पाया आहेच, पण त्यात हिब्रू-अरामी मुरलंय, पोलिश-युक्रेनियन मुरलंय, आणि 1272 च्या जर्मनीतल्या वर्म्सच्या प्रार्थनापोथीत यिडिश ओळ लिहिलेली आहे, मग ही मोडतोड नक्की कधी झाली? आणि फिडलर बघून त्याचा मूळ लेखक शोलेम अलेखेम वाचल्याचं समाधान मानू नका हो, मूळ कथांमध्ये नायक तेव्येची एक मुलगी पाण्यात जीव देते, बायको मरते, नाटकात यातलं काही नाही. मेंडेले हा दुसरा यिडिश लेखक तर आपल्याच समाजातल्या लबाड पुढाऱ्यांची सालटी काढायचा. न्यूयॉर्कच्या फोरव्हर्ट्स या यिडिश पेपरमध्ये 1906 पासून वाचकांच्या पत्रांचं सदर यायचं, नवरा टाकून गेला, काय करू, पोरगा परधर्मातल्या मुलीशी लग्न करतोय, काय करू. असल्या जित्याजागत्या भाषेला रडगाणं म्हणायचं?

तिसरा_मजला:
ताई, चार नावं घेतली म्हणून साहित्य मोठं होत नाही. युद्धाआधी कोटीभर लोक बोलायचे, आज बोलतात ते मुख्यतः ब्रुकलिन वगैरेच्या कर्मठ वस्त्यांमध्ये, आणि ते तुमच्या मेंडेलेला हातही लावत नाहीत. अमेरिकेत दहा लाखांवर यिडिश पुस्तकं रद्दीतून वाचवली, चांगलं केलं, पण वाचणार कोण?

रात्रपाळी:
वाचणारे का उरले नाहीत तेही सांगा की. हिटलरने जे ज्यू मारले त्यात बहुसंख्य यिडिश बोलणारे. रशियात वाचले त्यातल्या मार्किश, बर्गेलसन, क्विटको या यिडिश लेखकांना स्टालिनने 12 ऑगस्ट 1952 च्या रात्री मारलं. आणि इस्रायल? तेल अवीवमध्ये 1923 पासून हिब्रूवाल्यांची भाषारक्षक पलटण, यिडिश कार्यक्रम उधळायला. देश झाल्यावर यिडिश दैनिकाला परवानगी नाही, म्हणून लेत्स्ते नायेसवाले एक दिवसाआड दुसऱ्या नावाने पेपर काढायचे. स्वतःच्या आईच्या भाषेशी असं वागणारं दुसरं सरकार दाखवा मला.

शनवारतेली:
आता बोलावंच लागेल. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे, घरात मराठी. आजी पन्नासच्या दशकात इस्रायलला गेली. घरासाठी एका सरकारी कचेरीत खेटे घालायची, तिथे टेबलापलीकडची माणसं आपापसात यिडिशच बोलायची आणि त्यांच्या ओळखीच्यांचं काम आधी व्हायचं, ही बाकावर बसून. हिब्रू ती शिकली, यिडिश तिला कोण शिकवणार? आणि 1962 मध्ये आमच्या लग्नांसाठी रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, आई-आजी-पणजी ज्यूच होत्या का याची चौकशी काढली, 1964 मध्ये जेरुसलेममध्ये धरणं धरली तेव्हा कुठे मागे घेतली. त्यामुळे बिचारी यिडिश वगैरे ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

रात्रपाळी:
तेव्हाचे मुख्य रब्बी निसिम, ते बगदादचे. यिडिशचा काय संबंध? उगाच सगळं एकात कालवू नका.

शनवारतेली:
उगाच? निसिम बगदादचे, ठीक, तेवढं सोडते. आजीला बाकावर बसवणारे बगदादचे नव्हते. तुम्हाला पेपरचं लायसन्स दिसतं, घर न मिळालेली माणसं दिसत नाहीत.

कोकणकडा:
मी म्हणतो यिडिशचं राहू द्या. बेने इस्रायलींनी मराठीत कीर्तनं रचली, नियतकालिकं काढली, ते आपल्या किती प्राध्यापकांनी वाचलंय? आमच्या एम.ए.ला एक पान नव्हतं. दुसऱ्यांच्या भाषेचे गळे काढण्याआधी स्वतःच्या भाषेतलं बघा.

अर्धा_कप_चहा:
कोकणकडा, त्यावर वेगळं लिहा, मी येईन वाचायला, पण एक वाचलं म्हणून दुसरं वाचू नये असं कुठेय? शनवारतेली, आजींवर अन्याय झाला, त्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. पण तो कारकुनांचा गुन्हा आहे हो, भाषेचा नाही. याच भाषेतला कवी सुट्सकेवर, विल्नाच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत राहणारा, नाझींनी पुस्तकं निवडायच्या कामाला लावलं तर कपड्यांत लपवून हस्तलिखितं बाहेर काढायचा.

शनवारतेली:
आजीला ती भाषा कारकुनांकडूनच ऐकायला मिळाली ना. सुट्सकेवर नव्हता भेटला तिला. फोरव्हर्ट्समधल्या त्या पत्रांची इंग्रजी भाषांतरं असतील तर सांगा, वाचेन. मत बदलेल असं समजू नका.

तिसरा_मजला:
चला, मोडकी हा शब्द घेतला मागे, खूश? पण वाचणार कोण, हे अजून कुणी सांगितलं नाही.

अर्धा_कप_चहा:
शनवारतेली, आहेत, पुस्तकरूपात आहेत. तिसरा_मजला, लेखिका खावा रोझेनफार्ब पोलंडमधल्या लोद्झच्या घेट्टोतून आणि ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचली, मॉन्ट्रियलला जाऊन तीन खंडांची कादंबरी यिडिशमध्येच लिहिली, 1972 मध्ये छापली, तेव्हा वाचणारे किती उरलेत हे तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. इंग्रजीत मिळते. पहिला खंड वाचून या, मग बोलू.