मार्झोक्कीचा खरा वारस कोण?

घाटवेडा
परवा मित्राने नवीन माउंटन बाईक घेतली, पुढे मार्झोक्की कंपनीचा लालभडक बॉम्बर झेड१ फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉकप. पठ्ठ्या सांगत सुटला, इटालियन फोर्क आहे म्हणून. अरे कसला इटालियन! दांड्या ३६ मिमीच्या, आत फॉक्स कंपनीचा ग्रिप डँपर (उसळी आवरणारा भाग), म्हणजे त्यांच्याच फॉक्स ३६ फोर्कला लाल रंग फासलाय. मार्झोक्की म्हणजे इटलीतल्या बोलोन्याचे दोघे भाऊ, गुग्लिएल्मो आणि स्तेफानो, १९४९ पासूनचं दुकान. २००८ला अमेरिकेच्या टेनेको कंपनीने घेतली आणि २०१५ला गाशा गुंडाळायला काढला, तेव्हा सायकलचा धंदा कॅलिफोर्नियाच्या फॉक्सकडे गेला आणि मोटरसायकलचा बोलोन्याच्याच व्हीआरएम कंपनीकडे. माझ्या मते खरी मार्झोक्की आता फक्त मोटरसायकलवरच उरलीय, बाकी नुसता स्टिकर.

चेनपडली
भाऊ, टेनेकोच्या काळातच सायकलचे फोर्क तैवानला बनायला लागले होते, तेव्हा का नाही रडलास? फॉक्सने घेतलं नसतं तर आज बॉम्बर हे नावसुद्धा ऐकू आलं नसतं. २०१८ला झेड१ परत आणला, पुढे स्प्रिंगवालाही दिला. वर फॉक्सच्या भारीतल्या फोर्कपेक्षा स्वस्त. अजून काय पाहिजे?

घाटवेडा
स्वस्त आहे, मान्य. पण तू जुना झेड१ कधी खोललायस का? माझ्याकडे आहे एक, सेकंडहँड. वरची टोपी काढली की सरळ तेलच दिसतं, मोटरसायकलच्या शॉकपसारखं, पट्टी घालून तेलाची उंची मोजायची आणि कमी असेल तर ओतायचं, बास. तेच तेल आत हिंदकळत सील आणि बुश ओले ठेवतं. १९९७ साली बाकीचे अजून रबरी इलॅस्टोमरच्या गोळ्या भरत होते, थंडीत दगड व्हायच्या त्या. ह्यांनी मोटरसायकलची अक्कल सायकलला लावली, तीच तर मार्झोक्की!

चेनपडली
आणि वजन? ते पण मोटरसायकलचंच होतं की 😂 चढावर काढ ना तो.

वाळूजकर
मध्ये बोलतो, माफी. मी फोर्कच्याच लाईनवर आहे. आमच्याकडे एकाच शेडमधून दोन वेगळ्या कंपन्यांचे फोर्क बाहेर पडतात, नाव शेवटी चिकटतं. पाईप ग्राइंड कसा झाला, क्रोम कसं बसलं, त्यावर सगळा खेळ, नखाला जाणवेल न जाणवेल एवढा ओरखडा राहिला तरी तेल बाहेर. त्यामुळे नाव कुणाकडे गेलं हे मी बघतच नाही, ड्रॉइंग आणि मशीन कुणाकडे गेलं ते बघतो. त्या हिशोबाने घाटवेडा दादांचं अर्धं बरोबर आहे, मोटरसायकलचं काम बोलोन्याकडेच राहिलं.

घाटवेडा
अर्धं का राव, पूर्ण! डुकाटीच्या एक्सडायव्हेल मोटरसायकलला ५० मिमीचा मार्झोक्की आहे, तो काय फॉक्सचा का?

चेनपडली
तो नाही. पण एक्सडायव्हेल घेऊन तू सिंगल ट्रॅकवर, म्हणजे एका सायकलपुरत्या पायवाटेवर जाणारेस का? सायकलवाल्याला सायकलचा फोर्क लागतो, आणि तो आज फॉक्सच देतंय. वारसा घेऊन काय लोणचं घालायचं?

घाटवेडा
घालीन लोणचं. बरं ते जाऊ दे, माझ्या झेड१चे सील बदलायचेत, जुने कुठे मिळतात माहितीये का कुणाला?

चेनपडली
फॉक्सवाल्याला विचार 😂