पिजियमच्या गोळ्यांना उगाच झाडपाला म्हणून हिणवू नका

सावंतवाडीकर:
वडील ७१ वर्षांचे, प्रोस्टेट वाढलंय, रात्री पाच-पाच वेळा उठायचे, बाथरूमच्या लाईटचा खटका वाजला की आईचीही झोप मोडायची. चुलतभावाने पिजियमच्या गोळ्या आणून दिल्या आणि तीन महिन्यांत उठणं दोनवर आलं. ही आफ्रिकन चेरीची, म्हणजे प्रूनस आफ्रिकानाची साल. तिकडे डोंगराळ भागातले लोक ती तापावर, पोटदुखीवर पिढ्यान् पिढ्या उकळून पितात, १९६६ मध्ये फ्रान्सच्या जाक देबांनी पेटंट घेतलं तेव्हा कुठे जगाने दखल घेतली. माझ्या मते हे सरळ सरळ औषध आहे.

केमिस्ट्रीवाली:
दादा, वडिलांना बरं वाटतंय हे छानच, पण काढा वेगळा आणि गोळी वेगळी. सालीतलं बीटा-सिटोस्टेरॉल, अर्सोलिक ॲसिडसारखी ट्रायटर्पीन्स, फेरुलिक ॲसिडची एस्टर्स, हे सगळं तेलकट, पाण्यात फारसं उतरतच नाही, म्हणून गोळीसाठी सॉल्व्हंटने अर्क काढतात. त्यात बीटा-सिटोस्टेरॉल तर आपल्या शेंगदाण्यातही असतं. २००२ च्या कोक्रेन आढाव्यात (झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) १८ चाचण्या, १५६२ पुरुष होते, रात्रीचं उठणं १९ टक्क्यांनी कमी झालं, पण एकही चाचणी चार महिन्यांपुढे गेली नाही. मग पाचाचे दोन झाले ते सालीनेच हे कशावरून? आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, केलंत का?

सावंतवाडीकर:
केलंय ताई, नॉर्मल आलं, गोळ्याही युरॉलॉजिस्टना विचारूनच चालू केल्या. हां, संध्याकाळचा चहा बंद केलाय हे लिहायचं राहिलं. पण १९ टक्के म्हणजे काहीच नाही असं नका म्हणू, ज्याची झोप मोडते त्याला विचारा.

रानवेडा:
गोळीवर एवढं बोलताय, झाडाचं काय? कॅमेरूनमध्ये सालीसाठी अख्खी झाडं सोलली, पाडलीसुद्धा. खोडाच्या समोरासमोरच्या दोन पट्ट्याच काढून मधली साल ठेवली तर जखम भरते, गोल सोललं की पानांतलं अन्न मुळांकडे जाणं बंद, झाड उभ्या उभ्या वाळतं. १९९५ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परवान्याशिवाय ही साल देशाबाहेर नेता येत नाही, तरी २००७ मध्ये युरोपला कॅमेरूनची साल घेणं थांबवावं लागलं. ज्यांच्या डोंगरावरचं झाड त्यांच्या पोरांना तापासाठी साल उरणार नसेल तर मला ती गोळी नको.

सावंतवाडीकर:
हे खरंच माहीत नव्हतं. आत्ता बाटली फिरवून फिरवून पाहिली, साल कुठल्या देशातली ते कुठेच छापलेलं नाही. कंपनीला मेल टाकतोय, आणि उत्तर येईपर्यंत दुसरी बाटली मागवणार नाही.