रोबोट-राक्षसाच्या पिक्चरमध्ये नवीन काही नसेल तरी मजा येऊ शकते का?

कोथरूडचा मामा
रविवारी 'पॅसिफिक रिम' (२०१३) परत बघितला, मी आणि माझा नऊ वर्षांचा भाचा, ताटं मांडीवर घेऊन. मागे सोफ्यावर आमचे दादा, त्यांचं मधूनमधून चालूच, यात नवीन काय आहे, समुद्रातून राक्षस येणार, भाऊ गमावलेला हीरो परत रोबोटमध्ये बसणार, शेवटी बाँब, सगळं जपान्यांनी कधीच करून ठेवलंय. आता तसं बघितलं तर दादाचं खोटं नाही, पहिला गॉडझिला १९५४ चा, रिमोटवर चालणारा राक्षसी रोबोट 'तेत्सुजिन २८' मध्ये १९५६ ला आला आणि पोरगा रोबोटच्या डोक्यात बसून तो चालवतो हे 'माझिंगर झेड'मध्ये १९७२ सालीच होतं. पण हाँगकाँगच्या मारामारीला माझ्या अंगावर खरंच काटा आला, तोही तिसऱ्यांदा बघताना. मग असल्या पिक्चरला ओरिजिनल असायची गरज आहे का नाही? मनापासून विचारतोय.

भोसरी प्रेसशॉप
माझ्या मते गरज वजनाची आहे. मी पंधरा वर्षं कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतोय, मोठी प्रेस खाली आली की आवाज कानाला नंतर कळतो, आधी बुटातून पायाला कळतो. बऱ्याच पिक्चरमधले रोबोट पत्र्याच्या डब्यासारखे उड्या मारतात, त्यांना वजनच नसतं. इथे तो हात उचलतो तेव्हा आधी खांदा फिरतो, मग कोपर, मग मूठ, मध्ये वेळ जातो, आणि तो वेळच मोठेपणा दाखवतो. साधा हिशोब आहे, उंची २५ पट केली तर वरून पडायला लागणारा वेळ ५ पट होतो. म्हणून जुन्या जपानी पिक्चरमध्ये सूट घातलेल्या माणसाचं आणि छोट्या बिल्डिंगांचं शूटिंग कॅमेऱ्यातली फिल्म जोरात पळवून करायचे, म्हणजे पडद्यावर सगळं सावकाश पडतं. आणि त्या हाँगकाँगच्या मारामारीतच रोबोटची मूठ एका ऑफिसात घुसते बघा, टेबलं कपाटं सगळी उडवत जाते आणि जोर संपता संपता टेबलावरच्या त्या टांगलेल्या स्टीलच्या गोळ्यांना जेमतेम लागते, गोळ्या टक टक हलायला लागतात. तेवढ्या एका शॉटमध्ये मुठीचा आकार कळतो. गोष्ट जुनी असू दे हो, हे सुचायला डोकं लागतं.

नारायण पेठ
वरच्यांना +१. आपण पुणेकर दरवर्षी गणपतीत हलते देखावे बघायला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फिरतो, तिथे कुठली नवीन गोष्ट असते? लहानपणी आमच्या गल्लीत कालियामर्दनाचा देखावा होता, कृष्ण जिंकणार हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. पण लाइट गेले, मोटरची घरघर सुरू झाली आणि पाण्यातून तो फणा एक हिसका देऊन वर आला, तेव्हा मी बाबांचा सदरा घट्ट धरला होता. आजही आठवतं. कीर्तनातही आख्यान माहीतच असतं की, बुवा ते कसं उभं करतात यासाठी माणसं बसतात. नवीन गोष्टच हवी हा हट्ट मला पटत नाही.

सिंहगड रोड
थोडा वेगळा मुद्दा मांडते. नारायण पेठ, गोष्ट जुनी चालते हे मान्य, पण ती उचलणाऱ्याला ती मुळात का सांगितली गेली हे कळलेलं पाहिजे. १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, खलाशी आजारी पडले, त्यातला एक सप्टेंबरात गेला आणि नोव्हेंबरात गॉडझिला थिएटरला लागला. लोकांना त्या राक्षसात काय दिसलं असेल विचार करा. नंतर ज्यांनी नुसता राक्षस उचलला आणि भीती तिथेच ठेवली, त्यांचे पिक्चर दोन तासांत विसरायला होतात, मग कितीही बिल्डिंगा पाडा. 'पॅसिफिक रिम'मध्ये मला लक्षात राहिली ती हिरोईन माको लहान असतानाची, राखेने भरलेल्या टोकियोच्या रस्त्यावर एक लाल बूट हातात घेऊन रडत चाललेली. ती भीती खरी आहे. आणि शेवटी दिग्दर्शक डेल टोरोने पिक्चर रे हॅरीहाउझेन (जुन्या पिक्चरमधले राक्षस बाहुल्या इंचाइंचाने हलवून जिवंत करणारे) आणि इशिरो होंडा यांना अर्पण केलाय, होंडा म्हणजे पहिल्या गॉडझिलाचेच दिग्दर्शक. चोरी करणारा माणूस मालकाचं नाव असं पाटीवर लिहीत नाही.

कोथरूडचा मामा
ताई, ते अर्पण केल्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आपण नावं सुरू झाली की चॅनल बदलतो. तुमचा प्रतिसाद दादाला वाचून दाखवला, तो बूटवाल्या सीनवर गप्प झाला आणि म्हणाला ते चांगलं होतं. भोसरीवाल्या दादांचं वजनाचं भाच्याला सांगितलं तर कालपासून तो हॉलमध्ये एकेक पाऊल सावकाश टाकत चालतोय, आधी खांदा, मग कोपर. आता येत्या शनिवारी १९५४ चा काळा-पांढरा गॉडझिला लावायचा ठरलाय, सबटायटल मी मोठ्याने मराठीत वाचणार, आणि दादा स्वतःहून म्हणाला मी पण बसतो.