मुंबईत शनिवार-रविवार दोनच दिवस, जुन्या वास्तू बघायच्यात, आईला फार चालवत नाही

नंदगडवाला

नमस्कार मंडळी. जानेवारीत आईला आणि पोराला घेऊन मुंबईला जायलोय. शुक्रवारी संध्याकाळी बेळगावातनं हुबळी-दादर गाडी धरायची, शनिवारी पहाटे दादर, मावशी तिथंच स्टेशनजवळ राहते, आणि रविवारी रात्री स्लीपर बसनं परत कारण सोमवारी माझी ड्युटी आणि त्याची शाळा. पोरगा नववीत आहे, इतिहासाचं जबरदस्त वेड, राजहंसगड येळ्ळूरचा कोपरा न् कोपरा त्याला पाठ आहे. मॉल, चौपाटी, हिरोंचे बंगले यातलं काही नको म्हणतोय, जुन्या बिल्डिंगी दाखवा म्हणतोय. आईचे गुडघे दुखतात, सपाटीला चालते खरं पायऱ्या जास्त झाल्या की बसते.

त्यानं यादी केलीय ती अशी, गेटवे, घारापुरी, सीएसएमटी, राजाबाई टॉवर, छत्रपती शिवाजी महाराज म्युझियम, बाणगंगा, मणिभवन, भायखळ्याचं म्युझियम, क्रॉफर्ड मार्केट. एवढं दोन दिवसात होतंय काय? एकजण म्हणाला मुंबई दर्शनची बस घ्या, सगळं दाखवतात. मी स्वतः मुंबईला फक्त कामापुरता जातो त्यामुळं मला यातलं धड काही सांगता येत नाही. काय ठेवू काय काढू, आणि आईला घारापुरीला न्यावं की नको, ते सांगा.

शहापूरची लेक

दादा, माझं माहेर शहापूर, लग्नानंतर गिरगावात. दर्शनच्या बसनं अजिबात जाऊ नका, ती प्रत्येक ठिकाणी उतरवते आणि फोटो काढून होईतोवर परत हॉर्न वाजवते, इतिहास बघणाऱ्या पोरासाठी ते काय कामाचं नाही.

शनिवार पूर्ण फोर्टला द्या. दादरहून आता भुयारी मेट्रो थेट सीएसएमटी आणि हुतात्मा चौकापर्यंत जाते, स्टेशनात लिफ्ट आहेत, लोकलच्या पुलांचे जिने आईंना चढायला नकोत. सीएसएमटीला उतरलात की आधी रस्त्याच्या पलीकडं महापालिकेच्या बाजूला उभं राहून ती इमारत निवांत बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधलेली, आणि समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. पोराला फाटकाच्या दोन खांबांवर बघायला सांगा, एकीकडं सिंह बसलाय इंग्लंडचा आणि दुसरीकडं वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर मोर, माकडं, पानं, वेली जे काही कोरलंय त्यात इथल्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, ते बघायला डोकं वर करून हळूहळू फिरायला लागतंय. बहुतेक लोक गाडी पकडायच्या नादात त्याच्या खालनं पळत जातात.

तिथनं टॅक्सीनं हॉर्निमन सर्कल. मधली बाग आहे, सावली आहे, बाकडी आहेत, आई तिथं तासभर बसल्या तरी त्यांना बरं वाटेल. समोर टाऊन हॉल, १८३३ चा, पांढरे खांब आणि भल्यामोठ्या पायऱ्या, त्या आईंनी चढायची गरज नाही, खालनंच जास्त छान दिसतंय. मग जेवण, मग म्युझियम, गेटवर व्हीलचेअर मिळते का विचारा, लाजू नका. आणि ऊन उतरलं की ओव्हल मैदान. राजाबाई टॉवरवर चढायला सोडत नाहीत, तो मैदानावरनंच बघायचा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि टॉवर, सगळं एकोणिसाव्या शतकातलं टोकदार दगडी काम, आणि मान वळवली की पश्चिमेला १९३०-४० च्या गोलाईच्या आर्ट डेको इमारती, मधे पोरं क्रिकेट खेळायलीत. या दोन्ही मिळून २०१८ ला जागतिक वारसा झाल्या. मला अख्ख्या मुंबईत ही जागा सगळ्यात आवडते, माहेरचं कोणीही आलं की मी आधी तिथं नेते.

क्रॉफर्ड मार्केट आणि भायखळा काढून टाका. बाणगंगा सुंदर आहे खरं पायऱ्या आहेत, आणि वाट वाकडी पडते.

निपाणीकर

घारापुरीबद्दल सांगतो. वडलांना नेलं होतं, त्यांचेही गुडघे तसेच. गेटवेपासनं लाँच, साधारण तास लागतो, पहिली लाँच नऊच्या सुमाराला सुटते तीच धरा, नंतर रविवारची गर्दी अशी होते की रांगेतच अर्धा दिवस जातो. उतरल्यावर लांब धक्का आहे, तिथं छोटी आगगाडी असते. खरी अडचण पुढं, लेण्यांपर्यंत शंभराच्या वर पायऱ्या. डोलीवाले असतात, भाडं आधी ठरवून घ्या. वडील डोलीत बसायला तयार नव्हते, चार माणसांच्या खांद्यावर जायचं म्हणजे कसंतरी वाटतंय म्हणाले, शेवटी बसत बसत स्वतःच चढले आणि वर गेल्यावर मोठ्या लेण्यात सदाशिवाच्या समोर जे उभे राहिले ते हलेनातच. तीन मुखांची ती मूर्ती पाच-सहा मीटर उंच आहे, फोटोत तिचा अंदाज येत नाही. रावण कैलास हलवतोय, अर्धनारीश्वर, शिवपार्वतीचं लग्न, एकेका कोनाड्याला वेळ द्या. मूर्तींचे हातपाय खालनं तुटलेले आहेत ते बघून वाईट वाटतंय, खरं वरचे चेहरे अजून जिवंत आहेत.

आईंची खरंच इच्छा असेल तर न्या, फक्त पोराच्या हट्टासाठी त्यांना ओढत नेऊ नका. आणि सोमवारी लेणी बंद असतात, म्हणजे तुम्हाला रविवारच. हातात खाण्याची पिशवी धरू नका, माकडं हिसकावतात. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, बसच्या वेळेत जास्तीचा तास ठेवा.

चिकोडीचे मास्तर

पोरगा नववीत आणि स्वतः यादी करतो, वाचून फार आनंद झाला. त्याला माझ्याकडनं एक काम द्या. मुंबईच्या या इमारतींत आपल्या भागातलं काय काय सापडतंय ते शोधायला सांगा. मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, सहलीला पोरं न्यायचो तेव्हा हेच करायचो.

सीएसएमटीच्या शेजारीच जनरल पोस्ट ऑफिस आहे, लोक तिकडं बघतसुद्धा नाहीत. जॉन बेगनं त्याचा आराखडा केला, १९१३ ला पूर्ण झालं, आणि त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरनं घेतलेला आहे. शनिवारी आत जाऊन मधल्या हॉलमधे उभं राहून वर बघा. ज्यानं विजापूर बघितलंय त्याला लगेच ओळख पटेल. तसाच म्युझियमचा घुमट. ते जॉर्ज विटेटचं काम, आणि हा विटेट आधी बेगच्या हाताखाली होता, नंतर गेटवेही त्यानंच केला. म्हणजे आदिलशाहीच्या कारागिरांनी सतराव्या शतकात जे बांधलं ते बघून अडीचशे वर्षांनी साहेबांनी मुंबईत घुमट चढवले. आपण विजापूरला शाळेच्या सहलीत जाऊन आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून परत येतो, त्या घुमटाची सावली कुठवर गेलीय ते आपल्याला कोणी सांगत नाही.

म्युझियमच्या आत शिल्पांच्या दालनात ऐहोळेच्या देवळाच्या छतातले ब्रह्मा, विष्णू, शिव यांचे दगडी पट आहेत. ऐहोळे बागलकोट जिल्ह्यात, आपल्यापासनं जेमतेम तीन-चार तासांवर. आधी तिथलं रिकामं छत बघितलेल्या पोराला ते म्युझियममधे बघताना काय वाटेल विचार करा. मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं, आणि ते जपून ठेवलेत म्हणून बरंही वाटतं.

फोर्ट म्हणतात त्या भागात किल्ला आता नाही. तटबंदी १८६० च्या दशकात पाडली, नावं तेवढी राहिली, चर्चगेट म्हणजे सेंट थॉमस चर्चकडं जाणारा किल्ल्याचा दरवाजा. त्याला विचारा, आपल्या बेळगावच्या किल्ल्याचे तट आणि खंदक अजून आहेत, आत १२०४ ची कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, आहे, मग आपण तिथं वर्षातनं किती वेळा जातो.

आणि मणिभवन यादीतनं काढू नका. गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथं उतरायचे. याच काळात, डिसेंबर १९२४ ला, आपल्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यांच्या अध्यक्षतेखालचं एकमेव. त्या अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर आपण रोज बघतो. त्याच महिन्यात, ४ डिसेंबर १९२४ ला, गेटवेचं उद्घाटन झालं. १९११ ला राजा पंचम जॉर्ज आला त्याच्या आठवणीची ती कमान, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची गोरी पलटण तिच्याच खालनं बोटीत चढून गेली. एकाच महिन्यात मुंबईत साम्राज्याची कमान उघडली आणि बेळगावात ते साम्राज्य घालवणारे जमले, पोराला या दोन तारखा शेजारी शेजारी लिहायला सांगा.

कॅम्पातला

सगळ्यांनी छान सांगितलंय खरं हुतात्मा चौकाचं नाव फक्त मेट्रोपुरतं आलं याचं वाईट वाटलं. बेळगावचा माणूस मुंबईला गेला आणि तिथं थांबला नाही असं होऊ नये. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथं मोर्चावर गोळीबार झाला. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, त्याच्या शेजारी हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्या १०६ जणांच्या आठवणीत. आपण इथं १७ जानेवारीला आपल्या १९५६ च्या हुतात्म्यांना फुलं वाहतो, तेव्हा पोरं विचारतात हे कशासाठी. त्याचं उत्तर तिथं उभं राहून देता येतंय. भाषेवरनं आज इथं कानडी शेजाऱ्याशी भांडायचं म्हणून सांगत नाही मी, माझे निम्मे दोस्त कानडी आहेत आणि मास्तरांनी सांगितलेला विजापूरचा घुमट त्यांचाही तेवढाच. पण आपल्या घरातनं माणसं गेलीत, त्यांची आठवण राहिली पाहिजे.

शनिवारी हॉर्निमन सर्कलहून म्युझियमकडं जाताना वाटेतच पडतंय. दहा मिनिटं थांबा. फुलं मिळाली तर न्या.

नंदगडवाला

काय सांगू, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पोरानं मास्तरांचं उत्तर वहीत उतरवून घेतलंय आणि आता मला सांगतोय की मुंबईच्या आधी एक रविवार विजापूर, नाहीतर तो घुमट ओळखू कसा येणार. त्याचं बरोबर आहे, डिसेंबरात जाऊन येऊ.

आईला सगळं वाचून दाखवलं. घारापुरी नको म्हणाली, मणिभवन पाहिजे म्हणाली. तिचे वडील लहानपणी टिळकवाडीच्या त्या अधिवेशनाला कुणाच्यातरी खांद्यावर बसून गेले होते, ते तिला सांगायचे, आम्हाला हे आजवर माहीतच नव्हतं. मग असं ठरतंय, शनिवार फोर्ट ताईंनी सांगितलं तसं, पोस्ट ऑफिस आणि हुतात्मा चौक धरून. रविवारी मी आणि पोरगा पहिल्या लाँचनं घारापुरी, आई आणि मावशी टॅक्सीनं मणिभवन. तिथं जिने आहेत काय? आणि दोघी बायका एकट्या गेल्या तर चालतंय ना?

शहापूरची लेक

चालतंय की, गावदेवीतला शांत रस्ता आहे, रविवारी तर रहदारीही कमी. जुनं घर आहे त्यामुळं जिना आहे, गांधीजींची खोली दुसऱ्या मजल्यावर, आईंनी कठडा धरून सावकाश चढायचं. खाली ग्रंथालय आहे, आधी तिथं बसून दम घ्यायला सांगा. निघायच्या आधी उघडायची वेळ फोन करून विचारून घ्या. आणि दादा, माझं घर तिथनं जवळ आहे, मेसेजमधे नंबर पाठवते, बघून झालं की दोघींना जेवायला माझ्याकडंच पाठवा, तुम्ही लाँचमधनं उतरलात की तिकडंच या. आईंना सांगा शहापूरकडची भाकरी आणि झुणका करते, आणि त्यांच्या वडलांची ती गोष्ट मला पहिल्यापासनं ऐकायचीय.