न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणे नुसती धुमसतात, काय करावे?

माडाखालचा:
नमस्कार. गुहागरजवळच्या आमच्या घरी न्हाणीतल्या चुलीवर आंघोळीचे पाणी तापवतो. रॉकेल बंद केल्यापासून वाडीत पडणाऱ्या नारळाच्या सोडणांवर (म्हणजे वरच्या काथ्याच्या सालींवर), झावळ्यांवर, काटक्यांवर आणि आंब्याच्या सुक्या पानांच्या पातेऱ्यावरच चूल पेटवायची, असे ठरवले आहे. सोडणे आठवडाभर उन्हात ठेवूनही ती नुसती धुमसतात, न्हाणी धुराने भरते आणि अर्धी काडेपेटी संपली तरी पाणी जेमतेम कोमट होते. माझे कुठे चुकते?

परसदार:
सोडण हे चूल पेटवायचे नव्हे, धग टिकवायचे जळण आहे. काथ्याच्या धाग्यांमधला भुसा स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे वरून खडखडीत वाटणारे सोडणही आत ओले असू शकते. एक सोडण फाडून आतल्या भुशाला बोट लावून पाहा. गार लागले तर ते अजून माळ्यावरच राहू द्या. पेटवण्यासाठी झावळीची सुकलेली पाती घ्यावीत. आमची आई मूठभर पाती मधोमध दुमडून, त्यातल्याच एका पातीने आवळून चूड बांधत असे. ती चुलीत ठेवून वर करंगळीएवढ्या जाडीच्या काटक्या आडव्या-तिडव्या रचाव्यात आणि खाली राख साठू देऊ नये, कारण हवा तिथूनच शिरते. काटक्या धडधडू लागल्या की मग सोडण, धाग्यांची बाजू जाळाकडे करून.

कुंपणकाठी:
पातेरा चुलीत कोंबू नका. पानांचा थर बसला की हवा अडते आणि धूर होतो. काजूची टरफले भपकन पेटतात खरी, परंतु त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना व घशाला फार झोंबतो. कण्हेर विषारी आहे, तिच्या छाटलेल्या फांद्या जळणात मुळीच मिसळू नयेत. बांबू फोडूनच घालावा, अखंड पेर तापल्यावर फटाक्यासारखे फुटते. आणि सोडणांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने ढोसून पाहावे. विंचवालाही ती जागा आवडते.

माडाखालचा:
परसदारकाका, सोडण फाडून पाहिले, आत चक्क दमट होते. सगळी माळ्यावर टाकली. आज चूड बांधून पेटवली, दुसऱ्याच काडीला जाळ धरला. विंचू मात्र खरोखरच निघाला.